हापशांची मोजदाद

शाळेच्या आवारातला हापसा आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा असतो. मधल्या सुट्टीत एकाने दांडा हापसायचा, दुसऱ्याने ओंजळ धरायची आणि तिसऱ्याने आपली पाळी कधी येते याची वाट पाहायची. हाच हापसा पंचायतीच्या दप्तरात एक आकडा म्हणून नोंदलेला असतो. तालुक्याचे आकडे जिल्ह्याकडे, जिल्ह्याचे राज्याकडे आणि राज्याचे दिल्लीकडे जातात. बाहेरच्या मदतीतून काम झाले असेल तर तो आकडा आणखी पुढे, जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कपर्यंत पोहोचतो. ‘इतके हातपंप बसवले, इतक्या लोकांना पिण्याचे शुद्ध पाणी मिळाले’ असे अहवालात छापले जाते.

या वाक्यात दोन विधाने आहेत. हातपंप बसवले हे पहिले आणि लोकांना शुद्ध पाणी मिळाले हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होते का? श्रीमंत देश आणि आंतरराष्ट्रीय संस्था विकसनशील देशांना यंत्रे, तज्ज्ञ आणि प्रशिक्षण पुरवतात. या मदतीला तंत्रसाहाय्य म्हणतात. तिच्या मूल्यमापनाची सारी अडचण या दोन विधानांमधल्या अंतरात आहे. शिक्षकांना हे अंतर नवे नाही. ‘अभ्यासक्रम पूर्ण झाला’ आणि ‘मुलांना समजले’ यांत किती फरक असतो ते आपण दर वर्षी अनुभवतो. या लेखात आपण हापशाचा इतिहास पाहू. त्यातील एक महत्त्वाचा टप्पा आपल्या जालना आणि सोलापूरमध्ये घडला, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

खडकात बोअर

१९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रे भारतात आणली. दख्खनच्या काळ्या पाषाणात सुरुंग लावून विहीर खणायला महिने लागत. या यंत्रात दाबाखालील हवेवर चालणारा हातोडा बोअरच्या तळाशीच खडकावर घाव घालतो आणि तीच हवा खडकाचा भुगा वर फेकते. त्यामुळे एक बोअर दिवसा-दोन दिवसांत घेता येऊ लागली. १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळानंतर या कामाला आपल्याकडेही वेग आला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच वर्षी सुरू झाली.

यंत्रे आली, बोअर झाल्या, त्यांवर हातपंप बसले. दर वर्षी आकडा वाढत गेला. देणाऱ्यांचे समाधान झाले आणि घेणाऱ्यांचेही.

१९७४ च्या सुमारास काही भागांत पाहणी झाली. प्रश्न साधा होता : बसवलेल्यांपैकी आज किती पंप चालू आहेत? उत्तर धक्कादायक निघाले. सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद होते. बोअरमध्ये पाणी होते, पण ते वर येत नव्हते. कागदावर पाणी मिळालेल्या गावांतील बायका पुन्हा जुन्या विहिरीवर किंवा ओढ्यावर जात होत्या.

पंप का मोडत होते?

बिडाच्या ओतकामाचे ते पंप युरोप-अमेरिकेतील शेतघरांत वापरल्या जाणाऱ्या नमुन्यांवरून बनवलेले होते. तिथे एक पंप एका कुटुंबाचा असे. दिवसातून पाच-दहा बादल्या पाणी काढायचे, सांध्यांना तेल द्यायचे आणि काही बिघडले तर मालकाने स्वतः पाहायचे. आपल्याकडे तोच पंप शेकडो माणसांसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत चालत असे. तेल देणारा मालक नव्हता. खिळी झिजत, दांडा डगमगू लागे आणि एके दिवशी बीड तडकत असे.

त्यातील विज्ञान थोडे खोलात जाऊन पाहू. दहावीचे विद्यार्थी हे गणित सहज करू शकतील. जमिनीवर बसवलेला साधा चोषण पंप हवेच्या दाबावर अवलंबून असतो. वातावरणाचा दाब पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो, पण व्यवहारात असा पंप ७ मीटरच्या आसपास खोल असलेलेच पाणी ओढतो. दख्खनमध्ये पाणी त्याहून पुष्कळ खोल असते. म्हणून दट्ट्या खाली पाण्यातच बुडवावा लागतो आणि तो सळयांच्या साहाय्याने वरून हलवावा लागतो. समजा, दट्ट्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर. पाणी ३० मीटर खोल असेल, तर दट्ट्यावरील पाण्याचा भार सुमारे ९५ किलोग्रॅम भरतो. सळयांचे वजन निराळेच. दांड्याच्या तरफेमुळे हा भार हाताला हलका वाटतो, पण टेकूच्या खिळीला तो पूर्ण सोसावा लागतो. दिवसातून हजारो वेळा!

दुसरी गोष्ट अशी की, दांड्याचे टोक वर्तुळाच्या कंसात फिरते आणि सळईला मात्र सरळ वर-खाली जायचे असते. दोन्ही एका साध्या खिळीने जोडली, तर प्रत्येक हापशाला सळई थोडी बाजूला ढकलली जाते. त्यामुळे खिळ आणि सळईची वाट दोन्ही झिजतात.

जालना आणि सोलापूर

या दुखण्यावरचा उपाय परदेशी प्रयोगशाळेतून आला नाही. मराठवाड्यात जालना येथे मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामात असलेल्या मंडळींना रोज मोडके पंप दुरुस्त करावे लागत. त्यांनी बीड सोडून पोलादी पत्रा आणि नळ्या जोडून पंप बनवला आणि अनेक सांध्यांऐवजी एकच टेकू ठेवला. पुढे सोलापूर वेल सर्व्हिसच्या कार्यशाळेत यात आणखी सुधारणा झाली. दांड्याच्या टोकाला वर्तुळाच्या चौथ्या हिश्श्याच्या आकाराचा भाग जोडला आणि त्यावरून साखळी सोडून तिला सळई अडकवली. कंसाकार भागावरून साखळी गुंडाळली-उलगडली जाते, म्हणून सळई नेहमी सरळ रेषेतच हलते. साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. मग दट्ट्या खाली कसा जातो? सळयांच्या स्वतःच्या वजनाने. खोल बोअरचा तोटा इथे फायद्याचा ठरला. टेकूला साध्या खिळीऐवजी बंदिस्त बॉल बेअरिंग आले, म्हणजे तेल देण्याची कटकट संपली.

हा सोलापूर पंप इतरांहून पुष्कळ टिकतो हे क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या लक्षात आले. भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी त्याचाच आधार घेऊन नवा नमुना तयार करायचे ठरवले. मद्रासमधील रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी उद्योगाचा त्यात मोठा वाटा होता. तामिळनाडूत कोइमतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७७-७८ पासून ‘इंडिया मार्क टू’ या नावाने उत्पादन सुरू झाले. १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. या पंपाचे एकस्व कोणीही घेतले नाही. मानकाप्रमाणे कोणत्याही कारखान्याने तो बनवावा, मात्र तपासणी काटेकोर व्हावी, असे धोरण ठेवले गेले. त्यामुळे पंप स्वस्त राहिला आणि आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला.

इथे दोन्ही बाजू लक्षात घ्यायला हव्यात. ज्या संस्थेने यंत्रे पुरवली तिचाच कार्यक्रम अपयशी ठरल्याचे पाहणीने दाखवले होते. तो अहवाल दडपता आला असता. तसे झाले नाही. अपयश मान्य केले गेले, दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि त्यातून तंत्रसाहाय्याच्या इतिहासातील एक मोठे यश उभे राहिले. चांगल्या मूल्यमापनाचा उपयोग असा होतो.

दुरुस्ती कोणी करायची?

मजबूत पंपही कधीतरी बिघडतोच. तामिळनाडूत तीन पायऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. गावात एक राखणदार, त्याच्या वर गटाचा मिस्त्री आणि जिल्ह्याला ट्रक व अवजारे घेऊन फिरणारे पथक. पण मार्क टूची एक अडचण होती. सर्वांत जास्त झिजणारा भाग म्हणजे दट्ट्याचे कातडी वॉशर. ते बोअरमध्ये खोल असते. ते बदलायचे तर सगळे लोखंडी पाइप उपसून काढावे लागत. हे वजन शंभर किलोंहून अधिक. म्हणजे काही रुपयांच्या वॉशरसाठी जिल्ह्याच्या पथकाची वाट पाहायची, आणि पथक येईतो गावाने ओढ्याचे पाणी प्यायचे.

१९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांनी पाणीपुरवठा आणि स्वच्छतेचे दशक म्हणून जाहीर केले होते. त्या काळात जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी अनेक देशांत वेगवेगळ्या हातपंपांच्या प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष गावांत चाचण्या घेतल्या. पंप किती दिवस न मोडता चालतो, एवढेच त्यांनी पाहिले नाही. मोडल्यावर तो किती दिवस बंद राहतो, हेही मोजले. वर्षातून एकदा मोडून दोन महिने बंद राहणाऱ्या पंपापेक्षा चारदा मोडून दर वेळी दुसऱ्याच दिवशी चालू होणारा पंप गावाच्या अधिक उपयोगाचा. या विचारातून गावपातळीवर दुरुस्त होऊ शकणाऱ्या पंपाची कल्पना पुढे आली. कोइमतूर भागातील चाचण्यांतून ‘मार्क थ्री’ तयार झाला. त्यात पाइप जास्त रुंद ठेवला, त्यामुळे पाइप जागेवरच ठेवून दट्ट्या वर ओढून काढता येऊ लागला.

राजस्थानातील डुंगरपूर-बांसवाडा भागात १९८६ पासून युनिसेफ आणि स्वीडनच्या मदतीने ‘स्वच्छ’ नावाचा प्रकल्प चालला. तिथे आदिवासी महिलांना हापसा दुरुस्तीचे प्रशिक्षण दिले गेले. बंद हापशाचा त्रास सर्वांत आधी ज्यांना होतो त्यांच्याच हाती पाना आला. त्या भागात पायऱ्यांच्या विहिरींतून नारूचा रोग पसरत असे. तो हटवण्यात या कामाचाही वाटा होता. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

चार पायऱ्या आणि एक रकाना

हापसे बसत होते त्याच काळात मूल्यमापनाचे शास्त्रही घडत होते. अमेरिकेच्या विकास साहाय्य संस्थेने, म्हणजे यूएसएडने, १९६९ मध्ये प्रकल्पांसाठी एक तक्ता तयार करवून घेतला. पुढे तो जवळजवळ सर्व देणगीदार संस्थांनी स्वीकारला. हापशाच्या उदाहरणाने तो असा समजून घेता येईल :

पहिली पायरी : काय घातले? पैसा, यंत्रे, माणसे.
दुसरी पायरी : त्यातून काय निघाले? बोअर आणि पंप.
तिसरी पायरी : त्यामुळे काय बदलले? लोक ते पाणी पिऊ लागले.
चौथी पायरी : शेवटी काय साधले? आजार आणि बालमृत्यू कमी झाले.

प्रत्येक पायरीपुढे ‘हे कशावरून मोजणार?’ असा रकाना असे. आणि शेवटी आणखी एक रकाना असे, ‘गृहीतके’. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाण्यासाठी जे खरे असावे लागते, पण आपल्या हातात नसते, ते तिथे लिहायचे. हा रकाना बहुधा घाईत भरला जाई.

१९९१ मध्ये श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या साहाय्य समितीने मूल्यमापनाच्या पाच कसोट्या सांगितल्या : कामाची गरज होती का, उद्दिष्ट साधले का, खर्चाच्या मानाने काम झाले का, दूरगामी परिणाम काय झाला, आणि मदत थांबल्यावर ते टिकेल का. २०१९ मध्ये त्यांत सुसंगतीची सहावी कसोटी जोडली गेली.

कसोट्या उत्तम आहेत. पण त्या लावणारा माणूस कुठे उभा असतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात तज्ज्ञांच्या खेडेभेटींना ‘ग्रामीण विकासाचे पर्यटन’ म्हटले. पाहुणे डांबरी रस्त्यालगतच्या गावांत जातात. पावसाळ्यात रस्ते बंद असतात, म्हणून ते कोरड्या दिवसांत येतात. भूक आणि रोगराई मात्र अनेक ठिकाणी पावसाळ्यातच वाढलेली असते. ते पुढाऱ्यांशी बोलतात, पुरुषांशी बोलतात आणि जिथे प्रकल्प आहे तेच गाव पाहतात. शाळा तपासणीच्या दिवशी कोणत्या वर्गात आणि कोणत्या मुलाला उभे केले जाते, हे आठवले की चेंबर्स यांचे म्हणणे लगेच पटते.

गृहीतकाची किंमत

आता आपण दख्खनच्या खडकातून बांगलादेशाच्या गाळाच्या प्रदेशात जाऊ. तिथली परिस्थिती अगदी उलटी. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी आणलेल्या मऊ गाळात पाणी जमिनीखाली अवघ्या काही मीटरवर मिळते. म्हणजे साधा चोषण पंपही चालतो. बांबूचा सांगाडा उभारून चार-पाच माणसे हाताने नळी खाली सोडतात आणि एका दिवसात नळकूप तयार होतो. पूर्वी लोक तळ्याचे आणि नदीचे पाणी पीत. हगवण-पटकीने मुले दगावत. बोअरचे पाणी जंतूंपासून मुक्त असते, म्हणून ते सुरक्षित, हे त्या काळचे सर्वमान्य मत होते. १९७१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर युनिसेफ आणि तेथील जनआरोग्य अभियांत्रिकी विभाग यांनी नळकूपांचा मोठा कार्यक्रम राबवला. लोकांना ते इतके पटले की पुढे बहुसंख्य नळकूप कुटुंबांनी स्वतःच्या पैशाने बसवले. १९९० च्या दशकात ग्रामीण भागातील सुमारे ९७ टक्के लोकांना सुरक्षित पाणी मिळते असे सांगितले जाऊ लागले. वरच्या चारही पायऱ्यांवर हा कार्यक्रम यशस्वी दिसत होता. पंप बसले होते, चालत होते, लोक ते पाणी पीत होते.

१९८३ मध्ये कलकत्त्यात त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतून काही रुग्ण आले. त्यांच्या अंगावर काळे ठिपके होते आणि तळहात-तळपाय जाड व खरखरीत झाले होते. ही लक्षणे आर्सेनिकच्या, म्हणजे सोमलाच्या, दीर्घकालीन विषबाधेची असल्याचे त्यांनी ओळखले. विष नळकूपाच्या पाण्यातून येत होते. पुढे जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी वर्षानुवर्षे गावोगाव फिरून पाण्याचे, नखांचे आणि केसांचे नमुने तपासले. तोच गाळ सीमेपलीकडेही पसरलेला आहे, याकडे त्यांनी पुन्हा पुन्हा लक्ष वेधले. बांगलादेशात १९९३ मध्ये चापाई नवाबगंज जिल्ह्यात नळकूपांत आर्सेनिक असल्याचे निश्चित झाले.

हे विष कोणी टाकलेले नव्हते. हिमालयातून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे भूजलातला ऑक्सिजन संपतो, तेव्हा लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात मोकळे होते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. आणि लक्षणे दिसायला बहुधा पाच ते पंधरा वर्षे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये एका लिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. बांगलादेशाची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम आहे. १९९८ ते २००० या काळात ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण आणि बांगलादेश सरकार यांनी ३,५३४ विहिरींचे नमुने तपासले. उथळ नळकूपांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक ५० मायक्रोग्रॅमहून अधिक निघाले. म्हणजे अंदाजे साडेतीन कोटी माणसे देशाच्या स्वतःच्या मर्यादेपलीकडचे पाणी पीत होती. इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा, असे तिचे वर्णन २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात केले गेले.

याच ब्रिटिश संस्थेने १९९२ मध्ये बांगलादेशातील भूजलाची एक पाहणी तंत्रसाहाय्य म्हणूनच केली होती. अनेक मूलद्रव्ये तपासली होती, आर्सेनिक मात्र तपासले नव्हते. पुढे एका बाधित ग्रामस्थाच्या वतीने ब्रिटनमध्ये खटला झाला. भूशास्त्रज्ञांवर त्या गावकऱ्यांबाबत तशी कायदेशीर जबाबदारी येत नव्हती, असे म्हणत २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो चालवण्यास नकार दिला. कायद्याचा निर्णय झाला. पण अहवाल कोणासाठी लिहिला जातो आणि त्यावर विसंबतो कोण, हा प्रश्न तसाच उरला.

‘बोअरचे पाणी सुरक्षित असते’ हे गृहीतकांच्या रकान्यातले वाक्य होते. जंतूंपुरते ते खरे होते. रासायनिक घटकांबाबत ते वीस वर्षे तपासले गेले नाही.

तुलना करून पाहणे

गेल्या काही दशकांत मूल्यमापनात एक नवी पद्धत रूढ झाली. औषधाच्या चाचणीप्रमाणे काही गावांत काम आधी करायचे, काहींत नंतर, आणि कोणत्या गावात आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. मग दोन्हींची तुलना करायची. पश्चिम केनियात मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे झऱ्यांवर असा प्रयोग केला. झऱ्याचे तोंड सिमेंटने बंदिस्त केल्यावर तिथल्या पाण्यातील मलजन्य जंतू सुमारे दोन तृतीयांशाने घटले. पण घरातल्या माठापर्यंत पोहोचेतो फायदा एक चतुर्थांशावर आला होता. लहान मुलांतील जुलाब सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. ‘झरा शुद्ध’ आणि ‘पेल्यातले पाणी शुद्ध’ यांतले अंतर इथे आकड्यात मोजले गेले. या पद्धतीबद्दल क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पद्धत उपयुक्त आहे यात शंका नाही. तरी आपण एक विचारप्रयोग करू. १९७५ मध्ये बांगलादेशात अशीच काटेकोर चाचणी दोन-तीन वर्षे झाली असती, तर काय दिसले असते? नळकूपांच्या गावांत जुलाब कमी झाले का, हे कळले असते. काळे ठिपके त्या मुदतीत कोणाच्याच अंगावर उमटले नसते. आर्सेनिक हा शब्द प्रश्नावलीत नसता, तर तो उत्तरातही आला नसता. चाचणी कितीही काटेकोर असली तरी ती आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. सोलापूरचा पंप असो की कलकत्त्याचा दवाखाना, न विचारलेला प्रश्न दोन्ही वेळा अशा माणसांनी पुढे आणला ज्यांच्यासमोर मोडका पंप किंवा आजारी माणूस प्रत्यक्ष उभा होता. मूल्यमापनात त्यांच्या म्हणण्याला जागा ठेवणे ही सद्भावनेची बाब नाही. पद्धतीची गरज म्हणून ती जागा ठेवायला हवी.

याचा अर्थ नळकूप नकोतच, असा नव्हे. तळ्याच्या पाण्याकडे परत जाणे म्हणजे पुन्हा हगवणीकडे जाणे. पुढील काळात बांगलादेशात सुमारे ५० लाख नळकूप तपासले गेले. सुरक्षित नळकूपाचे तोंड हिरव्या रंगाने आणि विषारी नळकूपाचे लाल रंगाने रंगवले. जवळपास १४ लाख नळकूप लाल झाले. शेजारच्या हिरव्या नळकूपावरून पाणी आणणे, खोल थरापर्यंत बोअर घेणे असे उपाय झाले. पण मानवी हक्कांचे काम करणाऱ्या ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१६ मध्ये दाखवले की सुमारे दोन कोटी लोक तेव्हाही ५० मायक्रोग्रॅमपलीकडचे पाणी पीत होते. तसेच सरकारी खोल नळकूप अनेकदा गरजेच्या जागी न बसता पुढाऱ्यांच्या सोयीच्या जागी बसत होते. बसवलेल्या नळकूपांचा आकडा मात्र तिथेही बरोबरच होता.

आपल्या गावाची मोजदाद

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळते. एका लिटरमध्ये १.५ मिलिग्रॅमच्या पुढे ते दीर्घकाळ पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि प्रमाण बरेच जास्त असेल तर हाडेही वाकतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये मोजदाद हापशांऐवजी नळजोडण्यांची होऊ लागली. गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे जुना प्रश्न नव्या रूपात आपल्या दारात आला आहे.

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन एक उपक्रम करता येईल. गावातील प्रत्येक हापसा आणि सार्वजनिक नळ यांना क्रमांक द्यावा. एका वहीत रकाने आखावेत. तो आज चालू आहे का? एक बादली भरायला किती हापसे किंवा किती मिनिटे लागतात? मागच्या वर्षी तो किती दिवस बंद होता, आणि कोणी दुरुस्त केला? ही माहिती तिथे पाणी भरणाऱ्या बाईला विचारावी, कारण तिला दिवस आठवतात. पाण्याची तपासणी कधी झाली आणि तिचा निकाल गावाला कळला का? प्रशिक्षित महिलांच्या मदतीने फ्लोराइड आणि नायट्रेटची तपासणी मुलांसमोरच करून घ्यावी. पंचायतीच्या दप्तरातला आकडा आणि वहीतला आकडा शेजारी-शेजारी फळ्यावर लिहावेत आणि फरक कशामुळे पडला याची चर्चा होऊ द्यावी.

आणि शेवटचा एक रकाना कोरा ठेवावा. त्यावर लिहावे : ‘आम्ही विचारले नाही, पण लोकांनी सांगितले.’ पाणी प्यायल्यावर पोट जड होते, भांड्यावर पांढरा थर बसतो, उन्हाळ्यात पाण्याला लाल रंग येतो, असे काहीही तिथे येऊ शकेल. पुढच्या वर्षी पाहणी पुन्हा कराल तेव्हा या रकान्यापासून सुरुवात करा.